आठ हजार एकशे त्र्याण्णव

आमच्या वेळी काही आकडे पाठ असत. शेजारच्यांच्या टेलिफोनचा नंबर, कारण आपल्या घरी फोन नसे. दहावीचा बैठक क्रमांक. आणि लिनक्सवर काम करणारे असाल तर आठ हजार एकशे त्र्याण्णव. १९९९ साली मी पुण्यात पहिल्या नोकरीला लागलो तेव्हा आमच्या खोलीतल्या फळ्याच्या उजव्या कोपऱ्यात हा आकडा खडूने लिहिलेला असे. बाकीचा फळा रोज पुसला जाई, पण तो कोपरा कोणी पुसत नसे.

वीज जायची तेव्हा त्या आकड्याची गरज लागे. चालू मशीन एकदम बंद पडे, वीज आल्यावर पुन्हा सुरू होई, आणि कधीकधी पडद्यावर संदेश येई की सुपरब्लॉक वाचता येत नाही. सुपरब्लॉक म्हणजे डिस्कच्या सुरुवातीची १०२४ बाइट्सची नोंद. डिस्क केवढी, ब्लॉक केवढे, मोकळी जागा किती, आयनोड किती, हे सगळं तिच्यात. ती गेली की बाकीची डिस्क धडधाकट असूनही मशीनला ओळखता येत नसे. अशा वेळी दुरुस्तीच्या एफएससीके या प्रोग्रॅमला सांगायचं, ‘पहिली प्रत राहू दे, ८१९३ व्या ब्लॉकातली दुसरी प्रत वाच.’

हा आकडा कुठून येतो हे आमच्या सरांनी मला पहिल्याच आठवड्यात समजावलं. तेव्हा एक्स्ट२ ही फाइल सिस्टिम वापरात होती. रेमी कार, थिओडोर त्सो आणि स्टीफन ट्वीडी यांनी १९९३ साली आणलेली. तिच्यात ब्लॉक बहुधा १ केबीचा असे. कोणता ब्लॉक मोकळा आणि कोणता भरलेला हे दाखवणारा नकाशा एका ब्लॉकात मावायला हवा, आणि १०२४ बाइट्समध्ये ८१९२ बिट्स असतात. म्हणून ८१९२ ब्लॉकांचा एक गट. पहिला गट एक नंबरच्या ब्लॉकापासून सुरू होतो, त्यामुळे दुसऱ्याचा आरंभ ८१९३ वर येतो. “पाठ करू नकोस,” सर म्हणाले, “मांडून बघ, म्हणजे विसरणार नाहीस.” मी मांडलं आणि खरोखरच विसरलो नाही.

माझे वडील, अण्णा, सांगली जिल्ह्यात तलाठी होते. लाल रुमालात बांधलेली दप्तरं पाहतच मी मोठा झालो. त्यामुळे आयनोड म्हणजे काय हे मला लगेच उमगलं. आयनोड म्हणजे फाइलीचा सातबारा. फाइल कोणाच्या मालकीची, कोणाला वाचायची मुभा, आकार किती, शेवटचा बदल कधी, आणि तिचा मजकूर डिस्कवर कोणकोणत्या ब्लॉकांत पसरलाय, हे सगळं त्यावर असतं. फाइलीचं नाव तेवढं नसतं. ते डिरेक्टरीत राहतं आणि तिथून आयनोडच्या नंबराकडे बोट दाखवतं. गावात जमिनीला लोक ‘वडाचं शेत’ म्हणतात, कागदावर मात्र गट नंबर असतो, तसंच हे.

एका उन्हाळ्यात आमच्या एका मशीनची अवस्था इतकी बिघडली की ८१९३ चालेना आणि आतल्या नोंदी दाखवणारं डीबगएफएस डिस्क उघडेना. सरांनी डिस्क दुसऱ्या मशीनला जोडली आणि सुरुवातीचा आणि पुढचा लागेल तेवढा भाग जसाच्या तसा हेक्समध्ये डॉट मॅट्रिक्स प्रिंटरवर छापायला लावला. सलग कागदाची घडी टेबलावर पसरली आणि आम्ही चौघे तिच्याभोवती उभे राहिलो. सरांच्या हातात लाल पेन्सिल. त्यांनी १०८० व्या बाइटवर बोट ठेवलं. तिथे ‘५३ ईएफ’ होतं.

“सर, पुस्तकात ईएफ ५३ आहे,” मी म्हणालो.

“अरे, इंटेलच्या मशीनवर धाकटा बाइट आधी बसतो. उलटं वाच.”

ते दोन बाइट्स म्हणजे एक्स्ट२ची खूण. ती सापडली म्हणजे घर जागेवर आहे, फक्त आतलं सामान हललंय. मग आयनोडचा शोध. आम्हाला हवी होती ४१०० नंबरची नोंद. आयनोडची मोजणी एकपासून, म्हणून एक वजा करायचा, राहिले ४०९९. एका गटात आयनोड २०४८, तर भागाकार २ आणि बाकी ३. म्हणजे शून्यापासून मोजत दोन नंबरचा गट, आणि त्याच्या आयनोड कोष्टकात १२८ बाइट्सच्या तीन नोंदी सोडून पुढे, ३८४ व्या बाइटला. सरांनी हा भागाकार कागदाच्या समासात मांडला, पानं उलटली आणि पेन्सिल टेकवली. तिथे ‘ए४ ८१’ होतं. उलटं वाचलं तर साधी फाइल, मालकाला लिहायची मुभा, बाकीच्यांना वाचायची. नंतरच्या रकान्यांत तिच्या ब्लॉकांचे पंधरा आकडे. पहिले बारा थेट मजकुराकडे नेणारे, पुढचे तीन एक, दोन आणि तीन टप्प्यांनी नेणारे.

तो कागद मला अजून दिसतो. यंत्राच्या पोटात काय चाललंय हे हाताच्या बोटाने वाचता येतं, हे मला त्या दिवशी कळलं.

सरांचा एक नियम होता, ‘आधी बघ, मग हात लाव.’ डीबगएफएसच्या रचनेतही तोच नियम आहे. ते डिस्क फक्त वाचण्यासाठी उघडतं, लिहायचं असेल तर वेगळं सांगावं लागतं. फारच मोडलेल्या डिस्कसाठी, जागेचे नकाशे न वाचताच उघडण्याची सोयही त्यात आहे. या साधनाची वंशावळ जुनी. आयचेक, एनचेक, सीएलआरआय ही १९७९ च्या सातव्या युनिक्समधल्या स्वतंत्र प्रोग्रॅम्सची नावं, आणि डीबगएफएसच्या आज्ञांमध्ये ती आजही नांदताहेत. ब्लॉक सांगा, आयचेक आयनोड शोधून देईल. आयनोड सांगा, एनचेक फाइलीचं नाव सांगेल.

त्या काळातली सर्वांत लाडकी आज्ञा मात्र एलएसडेल. पुसलेल्या फाइलींची यादी देणारी. एका सहकाऱ्याने रात्री उशिरा चुकून आठवड्याभराचं काम पुसलं होतं. सकाळी तो आला तेव्हा त्याचा चेहरा पाहवत नव्हता. सरांनी पहिल्यांदा ती पार्टिशन वापरातून काढली, म्हणजे तिच्यावर नवं काही लिहिलं जाणार नाही. मग एलएसडेल. ओळीमागून ओळ आली: आयनोड, मालक, आकार, पुसल्याची वेळ, आणि मूळ ब्लॉकांपैकी किती अजून मोकळे आहेत. बारापैकी बारा. नऊपैकी नऊ. एकेक आयनोड बाहेर काढत दुपारपर्यंत त्याचं सगळं काम परत आलं.

हे जमत होतं, कारण एक्स्ट२ फाइल पुसताना आयनोडवर फक्त पुसल्याची वेळ टाकत असे, ब्लॉकांचे आकडे तसेच राहत. सातबाऱ्यावर जुन्या मालकाचं नाव खोडून टाकत नाहीत, त्याला कंस करतात. कंसातलं नाव हक्क गमावतं, पण वाचता येतं.

मग नोव्हेंबर २००१ मध्ये, लिनक्सच्या २.४.१५ आवृत्तीबरोबर, एक्स्ट३ आली. तिच्यात जर्नल होतं. बदल करायचा तो आधी जर्नलमध्ये लिहायचा, तो पूर्ण झाल्याची खूण करायची, आणि मगच मूळ जागी उतरवायचा. अण्णांना मी हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, “मग यात नवं काय? आम्ही आधी फेरफार नोंदवहीत लिहितो, मंडळ अधिकारी ती नोंद प्रमाणित करतात, आणि मग सातबारा बदलतो. मधेच काही झालं तरी नोंदवहीवरून कळतं, काम कुठवर आलं होतं.” इतकं नेमकं स्पष्टीकरण मी कुठल्या पुस्तकात वाचलं नाही.

महाराष्ट्रात पुढची काही वर्षं भारनियमनाची होती. गावोगावी मशीनं दिवसातून अनेकदा बंद पडत आणि एक्स्ट३मुळे क्षणात उभी राहत. फळ्यावरच्या आकड्याची गरज कमी कमी होत गेली. त्याची किंमतही द्यावी लागली. जर्नलच्या शिस्तीत फाइल पुसताना आयनोडमधले ब्लॉकांचे आकडे शून्य केले जाऊ लागले आणि एलएसडेलची यादी रिकामी येऊ लागली. कंसाच्या जागी खोडरबर आलं. साधनालाही मग नवं शिकावं लागलं. डीबगएफएसमध्ये जर्नलची पानं उलगडून दाखवणारी लॉगडंप ही आज्ञा आली. अमुक ब्लॉक कोणत्या व्यवहारात, कोणत्या क्रमाने लिहिला गेला, हे ती सांगे. पूर्वी आम्ही ‘काय आहे’ एवढंच वाचत होतो, आता ‘कसं झालं’ हेही वाचू लागलो.

त्याच सुमारास, २००६ मध्ये, मी एक छोटं साधन लिहिलं. आमची कंपनी तेव्हा लहान उपकरणांच्या सॉफ्टवेअरचं काम करू लागली होती. बिघडलेल्या उपकरणातल्या डिस्कची प्रत आमच्याकडे येई, आणि सुपरब्लॉक, गटांच्या नोंदी, आयनोड असं सगळं क्रमाने छापून देणारं काहीतरी हवं होतं. सी भाषेतल्या हजार-बाराशे ओळी होत्या. ते साधन अनेक वर्षं चाललं.

जग मात्र थांबलं नव्हतं. डिसेंबर २००८ मध्ये एक्स्ट४ स्थिर म्हणून जाहीर झाली. मजकुराचा प्रत्येक ब्लॉक वेगळा नोंदवण्याऐवजी ‘इथून इथपर्यंत’ असे सलग पट्टे ती नोंदवते. ब्लॉक ४ केबीचा असेल तर एका पट्ट्यात १२८ एमबी मावतात, म्हणजे १ जीबीची सलग फाइल आठ ओळींत संपते. आयनोड १२८ वरून २५६ बाइट्सचा झाला, वेळेची नोंद सेकंदाच्या अब्जांशापर्यंत गेली आणि २०३८ ऐवजी २४४६ सालापर्यंत पुरेल अशी झाली. दाखवणाऱ्या साधनाने हे शिकलं नाही, तर ते जुन्या चष्म्यातून नवा कागद वाचणार आणि आत्मविश्वासाने चुकीचं सांगणार. डिस्कही फुगल्या. एक्स्ट२च्या काळातल्या ५०० एमबीच्या पार्टिशनमध्ये साठ-बासष्ट गट असत. डंपई२एफएस त्यांची माहिती छापे आणि आम्ही ती वाचून काढत असू. आज ४ टीबीच्या डिस्कवर सुमारे तीस हजार गट भरतात. म्हणून फक्त सुपरब्लॉकची माहिती दाखवण्याची सोयच जास्त वापरली जाते.

माझ्या मते सर्वांत मोठा बदल चेकसमचा, म्हणजे नोंद बिघडली का हे पडताळणाऱ्या आकड्याचा. एक्स्ट४मध्ये मेटाडेटाचे, म्हणजे सुपरब्लॉक, आयनोड अशा नोंदींचे, चेकसम २०१२ साली लिनक्स ३.५ बरोबर आले. पुढच्या वर्षी ३.१० बरोबर एक्सएफएस या दुसऱ्या फाइल सिस्टिमनेही आपल्या प्रत्येक नोंदीत चेकसम, ती नोंद कोणत्या ब्लॉकात असायला हवी तो नंबर आणि तिची मालकी लिहायला सुरुवात केली. एक्सएफएसची नोंद आज उघडलीत तर चेकसमच्या आकड्यापुढे ती बरोबर की खराब हेही छापलेलं दिसतं. सर तासभर पेन्सिल फिरवून ‘हे पान खरं वाटतंय’ म्हणायचे. आज साधनच ते एका शब्दात सांगतं. मला त्या शब्दाबद्दल कृतज्ञता वाटते, कारण तो नसताना आम्ही किती रात्री जागलो हे मला ठाऊक आहे.

तीन वर्षांपूर्वी आमच्या गटात नांदेडची एक मुलगी रुजू झाली. माझं ते जुनं साधन सुधारण्याचं काम तिच्याकडे आलं. तिने पहिल्या आठवड्यात मुद्दाम मोडलेल्या दोनशे प्रती बनवल्या, कुठे एक बिट उलटा, कुठे एक आकडा भलताच, आणि त्या साधनाला खाऊ घातल्या. पन्नासहून अधिक प्रतींवर ते बंद पडलं. माझा कोड डिस्कवरच्या आकड्यांवर विश्वास ठेवत होता. नोंदीत म्हटलंय ब्लॉक अमुक, तर जा त्या ब्लॉकाकडे, मग तो डिस्कच्या बाहेरचा का असेना. बिघाड दाखवण्यासाठी लिहिलेलं साधन बिघाड दिसताच कोसळत होतं. तिने प्रत्येक वाचनाआधी तपासणी घातली. आता ते ‘हा आकडा डिस्कच्या बाहेरचा आहे’ असं छापतं आणि पुढे जातं.

दुसरी सुधारणा खासगीपणाची. पूर्वी कोणाची डिस्क तपासायला आली की तिच्यावरच्या सगळ्या फाइलींची नावं आम्हाला दिसत. आजारपणाचे अहवाल, कोर्टाची कागदपत्रं, पत्रं. वाचायची नसूनही डोळ्यांपुढे येत, आणि मला ते फार अवघड वाटे. ई२इमेज हे साधन फक्त मेटाडेटाची प्रत काढताना डिरेक्टरीतली नावं विस्कटून देऊ शकतं, एक्सएफएसचं मेटाडंप तर मुळातच नावं झाकतं. तिने तीच रीत आमच्या साधनात आणली. आता आम्ही घराचा सांगाडा पाहतो, घरातल्यांच्या वस्तू पाहत नाही.

तिसऱ्या सुधारणेवर मात्र आमचा वाद झाला. फ्लॅगचा आकडा छापण्याऐवजी त्याचं नाव छापावं, असं तिचं म्हणणं.

“सर, नुसता आकडा बघून कोणाला काय कळणार? आपण अर्थ सांगू या.”

“अगं, अर्थ सांगच. पण आकडा काढू नकोस. अर्थ आपला असतो, आकडा डिस्कचा असतो.”

तिला ते पटलं नाही. तेव्हा मी २०२३ सालची एक गोष्ट सांगितली. ई२एफएसप्रॉग्ज या एक्स्टच्या साधनसंचाच्या १.४७.० या आवृत्तीने बनवलेल्या डिस्क जुन्या एफएससीकेपुढे आल्या तेव्हा ते म्हणू लागलं, ‘फीचर सी१२ मला ठाऊक नाही’. त्याला नाव माहीत नव्हतं, पण कितवा बिट आहे तेवढं त्याने प्रामाणिकपणे सांगितलं. त्या एका आकड्यावरून लोकांना कळलं की ही अनाथ फाइलींच्या नोंदीची नवी सोय आहे. फक्त नाव छापणाऱ्या साधनाने अनोळखी बिट गिळून टाकला असता.

त्या रविवारी मी सांगलीला गेलो. अण्णा आता पंच्याऐंशीचे आहेत. पुतण्याने मोबाइलवर आमच्या शेताचा सातबारा उघडून त्यांच्यापुढे धरला. स्वच्छ छापील, रुमाल नाही, धूळ नाही. अण्णांनी चष्मा सारखा केला, बराच वेळ पाहिलं आणि नावाशेजारच्या आकड्यावर बोट ठेवलं. “फेरफार नंबर आहे. मग बरोबर. नाव कोणीही लिहील, ते कुठल्या नोंदीवरून आलं हे दिसलं पाहिजे.”

सोमवारी मी तिला हे जसंच्या तसं सांगितलं. ती थोडा वेळ गप्प राहिली. संध्याकाळपर्यंत तिने साधनाला नवं वळण दिलं. आता प्रत्येक ओळीत आधी अर्थ येतो, मग मूळ आकडा, आणि शेवटी तो आकडा डिस्कवर नेमका कुठून उचलला ते. आयनोडसाठी तर तिने पूर्ण मांडणीच छापली आहे: ४१०० मधून एक वजा, २०४८ ने भागलं, गट २, बाकी ३, अंतर ३८४. सरांनी कागदाच्या समासात लाल पेन्सिलीने मांडलेला भागाकार आज पडद्यावर आपोआप उमटतो. गटातली नवी मुलं तो वाचतात आणि त्यांना कोणी समजावून सांगावं लागत नाही.

काही गोष्टी गेल्या, आणि त्यांची आठवण येते. एका कागदाभोवती चार डोकी वाकत, ते गेलं. डिस्क आता दुसऱ्या कुठल्या शहरात, दुसऱ्या कुठल्या देशात असते, तिचा ‘टक टक’ आवाज ऐकून ‘ही आता जाणार’ असं सांगणारा कान कोणाला लागत नाही. पण त्या काळी वाचता येणारे चारच जण होते, बाकीचे आमच्या तोंडाकडे बघत उभे राहत. मोडी वाचणारा गावात एकच असला की त्याचा मान वाढतो, पण गावाचं काम अडतं. आज ती नोंद सगळ्यांना वाचता येते. सर असते तर त्यांना याचाच आनंद सर्वांत जास्त झाला असता.

मागच्या महिन्यात तिने साधनाच्या चाचण्यांमध्ये एक नवी भर घातली. आमच्या छोट्या उपकरणांवरच्या पार्टिशन लहान असल्याने तिथे ब्लॉक अजूनही १ केबीचा असतो. तिने अशी एक प्रत घेतली, तिचा पहिला सुपरब्लॉक पूर्ण शून्य केला, आणि साधनाने दुसरी प्रत स्वतः शोधून काढावी अशी चाचणी लिहिली. ती चाचणी रोज रात्री चालते. सकाळी कामावर आल्यावर मी निकालांची यादी वरपासून खालपर्यंत वाचतो. त्या ओळीपाशी थोडा थांबतो. तिथे लिहिलेलं असतं: प्रत सापडली, ब्लॉक ८१९३.